फुंकर

दुपारी दुकान थोडा वेळ बंद करून धाकटा दादाच्या घरी निघाला. पिशवीत वस्तरा, ब्रश, साबणाची वाटी आणि धुतलेला टॉवेल. न्हाव्यानं कुणाच्या घरी जाऊन दाढी करणं ही काही मोठी गोष्ट नाही. फक्त या वेळचं गिऱ्हाईक त्याचा सख्खा भाऊ होता, आणि दवाखान्यातून घरी आल्यापासून त्याच्या गालाला वस्तरा लागला नव्हता.

दोघे भाऊ एकाच दुकानात, एकाच आरशासमोर म्हातारे होत आले होते. दादाचा हात इतका हलका, की माणसं खुर्चीतच घोरायची. वस्तरा गालावरून चढत डोळ्यापाशी आला, की दादा "डोळे मिटा" असं कधी म्हणत नसे. हळूच फुंकर मारी. पापण्या आपोआप पडत.

"माणसाला सांगितलं तर तो आधी विचार करतो," दादा म्हणे. "पापणीलाच सांगावं. ती मालकाला विचारत बसत नाही."

ती सवय धाकट्यालाही लागली होती.

शेजारच्या दुकानातला घड्याळजी हे त्यांचं जुनं गिऱ्हाईक. जन्मभर त्यानं डाव्या डोळ्यात भिंग धरलं, हात न लावता, भुवई खाली आणि गाल वर दाबून. भिंग काढलं तरी चेहऱ्याची ती बाजू तशीच आवळलेली राही. डोळ्याभोवती गोल वळ, अंगाला घड्याळाच्या तेलाचा बारीक वास. आणि बोलायला लागला की थांबायचं नाव नाही. दाढी होऊन गेली तरी खुर्ची सोडत नसे. मग दादा आरशातून धाकट्याकडे बघून उजवी भुवई उचली. म्हणजे, याला उठव. धाकटा टॉवेल झटकत पुढे होई, "चला काका, तिकडं तुमची घड्याळं बंद पडतील!"

घड्याळजी वारला तेव्हा त्याच्या घरच्यांनी शेवटची दाढी करायला दादालाच बोलावलं. परत आल्यावर दादा बराच वेळ वस्तरा धूत राहिला.

"चूक झाली रे," तो म्हणाला. "सवयीनं फुंकर मारली."

"मग काय झालं? डोळे मिटलेलेच असणार."

"मिटलेलेच होते... डावा उघडला."

धाकटा हसला. "मग भिंग द्यायचं होतंस हातात!"

दादा हसला नाही. संध्याकाळ व्हायच्या आत तो दुकानातच कोसळला.

मेंदूच्या अगदी बुंध्याशी रक्त अडलं, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. दादाची वाचा गेली, चेहऱ्याची डावी बाजू लोंबली. बाईंनी कापसाचा तंतू त्याच्या डाव्या डोळ्याला अलगद लावला, तर उजवी पापणी मिटली. डावी उघडीच.

"बघा, डाव्या डोळ्याला कळतंय," त्या म्हणाल्या. "निरोप आत पोचतो, मिटायचा हुकूमही सुटतो. पण डाव्या बाजूची तार मुळाशीच तुटली आहे. ही बाजू हलायला लागली, तर आपलं माणूस परत येतंय असं समजा."

वहिनीनं हे शेवटचं वाक्यच उराशी धरलं होतं.

तिनं दार उघडलं. "या भाऊजी. सकाळपासून वाट बघतायत. म्हणजे... मीच बघतेय."

डाव्या डोळ्याला उजेड सोसत नाही म्हणून खोलीचे पडदे ओढलेले होते. मलमाचा वास होता, आणि त्याच्याखाली आणखी एक बारीक वास. तेलाचा.

"मशीनला तेल घातलंत का वहिनी?"

"शिलाई मशीन होय? ती केव्हाच विकली."

दाढीसाठी तिनं दादाची डावी पापणी मिटून ठेवणारी चिकटपट्टी काढली आणि उशाशी ठेवली. पापणी सावकाश वर गेली आणि तिथेच राहिली.

"दादा, आज मी मालक आणि तू गिऱ्हाईक," धाकटा फेस लावत म्हणाला. "उधारी चालणार नाही बरं का." दादाच्या ओठाचा उजवा कोपरा किंचित हलला. धाकट्याला भरून आलं.

उजवा गाल झाला. डावा थंड होता, ओल्या कापडासारखा सैल. अंगठ्यानं तो ताणून धरत धाकट्यानं वस्तरा वर चढवला. डोळ्यापाशी आला... आणि त्याच्याही नकळत तोंडातून फुंकर गेली.

उजवी पापणी हलली नाही. तो डोळा टक्क उघडा, पाण्यानं भरलेला. आणि डावी भुवई हळूहळू खाली आली. अंगठ्याखालचा गाल घट्ट झाला, वर चढला. मधोमध काहीतरी धरून ठेवल्यासारखा डोळा आवळला गेला.

वस्तरा धाकट्यानं कधी खाली ठेवला, त्याचं त्यालाच कळलं नाही.

"हलली!" वहिनी ओरडली. "भाऊजी, डावी बाजू हलली! परत येतायत हे..."

"वहिनी... जरा थांबा..."

"आता कशाला थांबू?" पदरानं डोळे पुसत ती डॉक्टरीणबाईंना फोन करायला बाहेरच्या खोलीत धावली.

धाकटा वाकला. "दादा... तू आहेस ना?"

दादाच्या ओठांची डावी बाजू हलू लागली. आवाज नव्हता. पण ती बोलत होती, भरभर, कुणाला मध्ये बोलू न देता, थांबायचं नाव न घेता... उजवी बाजू गप्प होती. मग उजवा डोळा धाकट्याकडे वळला, आणि त्याच्यावरची भुवई सावकाश वर गेली.

याला उठव.

धाकट्यानं टॉवेल उचलला. दुकानात झटकायचा तसा झटकला. "चला... चला काका..." तो म्हणाला. "घड्याळं बंद पडतील..."

ओठ थांबले. आवळलेला डावा डोळा फिरला आणि त्याच्याकडे बघू लागला.

वहिनी परत आली ती हसतच. "बाई निघाल्यात म्हणे. बघा, माझी इतक्या दिवसांची सेवा फळाला आली." तिनं ओल्या कापडानं दादाच्या चेहऱ्यावरचा फेस पुसला आणि जराशी थबकली. "अगं बाई, पट्टी घट्ट लागली वाटतं. वळ उठलाय."

काढलेली पट्टी अजून उशाशीच पडली होती. सरळ, बोटभर लांब.

वळ गोल होता.

आणि दादाची उजवी भुवई अजून खाली आली नव्हती.