राजीखुशीचा अंगठा

बसा भाऊ, लाईट गेली तं जाऊ द्या, कंदील हाय. सोनाळ्यात इतके वर्षं फोटोफ्रेमचं दुकान चालवतो, पण अन्वरले थापा मारायची आदत नाही, हे कोणालेही इचारा.

बोंडअळीनं बीटी कपाशी खाल्ली त्या सालची गोष्ट. त्या साली दुकानात लग्नाचे फोटो कमी अन् हार घालायचे जास्त आले. लई संताप यायचा, पण कोणाच्या नावानं बोटं मोडावी?

शाळेतल्या सुवर्णा मॅडमनं प्रदर्शनासाठी एक चित्र आणून देलं. पंजाबचा दहा वर्षांचा राजा, हातात लेखणी, समोर कागद. इंग्रजानं त्याची माय आधीच दूर कोंडली होती. मंग पोराची सही घेतली. राज्य गेलं, कोहिनूर गेला. तिकडे नेऊन हिरा घासून घासून जवळपास निम्मा केला अन् मुकुटात बसवला. बळी तो कान पिळी! वरून आपलेच शहाणे म्हणतात, हिरा भेट देला होता. अरे, दहा वर्षांचं लेकरू काय भेट देते? काही लाज हाय का नाही?

सकाळी मी त्या चित्राले काच बसवली, मागून खिळे मारून कागद चिकटवला अन् भिंतीले टेकवून ठेवलं.

टळटळीत दुपारी पुष्पाबाई आली. फवारणी करता करता तिचा नवरा जानराव गेला, त्याचा फोटो न्यायले. मागोमाग बियाण्याच्या कंपनीचा साहेब. बियाणं खोटं निघालं म्हणून बाईनं तालुक्याले तक्रार केली होती, अन् हा एक कागद घेऊन आला होता. तिनं मले वाचायले लावला. ‘बियाण्याबद्दल माझी काही तक्रार नाही. राजीखुशीने लिहून देते.’

"माणूस गेला माहा," ती म्हणाली. "मी नाही देत अंगठा."

साहेब हसला. तिचा हात धरला अन् अंगठा निळ्या शाईच्या डबीत दाबला. माह्या हातात काच होती... खोटं काऊन बोलू, भेव होतं. मी गप राह्यलो. त्याची लाज अजून वाटते.

तेवढ्यात दुकान गार पडलं. रस्त्यावर चिटपाखरू नाही. कुठूनतरी कागदावर बोरू चालल्यासारखी कुरकुर येऊन राह्यली होती...

साहेबानं तिचा अंगठा कागदावर दाबून उचलला. ठसा उमटला होता. लहानसा. लेकराचा. त्यानं परत दाबला. तसाच. तिसऱ्यांदाही तसाच.

"हा... हा कोणाचा अंगठा आहे?" तो पुटपुटला.

पुष्पाबाईनं हात वर केला. कापूस वेचून चिरलेला, कोरडा अंगठा. शाईचा ठिपका नाही. साहेब कागद तिथंच टाकून गाडीवर बसला. बाईची तक्रार कायम राह्यली.

मंग मी चित्राकडे पाह्यलं. काच तशीच, मागचा कागद तसाच चिकटलेला. राजाच्या हातात लेखणी नव्हती. अन् अंगठा निळा होता.

आता म्हणा, त्यानं हिरा भेट देला म्हणून.