ओर्तेन्सियाची राखलेली जागा

हस, हस एफ्रेन. नवी गाडी आलीय, उद्या त्या पोरीला राजधानीत नेऊन रोमा वस्तीतले जुने बंगले दाखवायचेत, मग हसशील नाहीतर काय! पण आत्ता जे बोललास ना, "जागा नाही मिळाली तर कुणाचीतरी बादली बाजूला करायची, त्यात काय एवढं मामा!", ते पुन्हा बोलू नकोस. मारिबेल, दिवा राहू दे तसाच. सगळ्यांना कॉफी ओत आणि बस इथं.

तुम्ही मेतेपेकात वाढलात, अंगणात गाड्या लावता. मी उमेदीची सगळी वर्षं त्या वस्तीत टॅक्सी हाकली. तिथं गाडीपुरती जागा मिळाली तर माणूस देवापुढं मेणबत्ती लावतो. ज्याला जागा हवी तो रस्त्यावर बादली मांडून ठेवतो. मांडली की जागा त्याची. मग तो आला की स्वतःच्या हातानं बादली उचलतो आणि गाडी लावतो. दुसऱ्या कुणी तिला हात लावायचा नाही. हाडवैर असलं तरी नाही.

आमच्या आन्सेल्मोनं लावला. हो, तोच, बेकरीवाला.

गेल्या सालची गोष्ट. सप्टेंबरची अठरा तारीख, बुधवार. बायकोचा चष्मा आणायला तो राजधानीत गेला होता. बायको, ओर्तेन्सिया, सोबत होतीच. चष्मा मिळाला, संध्याकाळ मोकळी होती, म्हातारबुवा रंगात आले. म्हणाला, "चल म्हातारे, आज आपण पळून गेलो त्याचा वाढदिवस. रोमा वस्तीत जिथून तुला पळवली ती गल्ली नव्या चष्म्यातून बघून घे."

"नको," ओर्तेन्सिया म्हणाली.

तिच्या 'नको'ला कारण होतं. लग्नाआधी ती त्या गल्लीत मोलकरीण होती. उंच इमारत, वर गच्चीवर नोकरांची खोली. खोलीत ती आणि तिच्या गावची चायो. दोघींत मिळून एकच खाट. पंच्याऐंशी साली याच तारखेच्या रात्री आन्सेल्मो खाली ट्रक घेऊन थांबला आणि ही बोचकं घेऊन उतरली. चायो हिरव्या फरशीच्या जिन्यापर्यंत पोचवायला आली. म्हणाली, "जा बिनधास्त. त्याच्याशी नाही पटलं तर परत ये. खाटेवरची तुझी जागा राखते मी."

दुसऱ्या सकाळी भूकंप झाला. तो काय मी तुम्हाला सांगायला हवा? इमारत खाली बसली. चायो सापडली नाही. आपण सुटलो आणि ती गेली, हे ओर्तेन्सियाला आयुष्यभर खात राहिलं.

पण आन्सेल्मो पडला हट्टी. आणि खरं सांगायचं तर सुरुवातीला तिलाही बरं वाटलं. मोठी झाडं, लोखंडी नक्षीचे सज्जे, फुटपाथवर मांडलेली टेबलं. "अगंबाई, कुत्र्याला स्वेटर घातलाय बघा!" म्हणून ती हसलीसुद्धा. मग आइस्क्रीम खायचं ठरलं आणि सुरू झाली जागेची शोधाशोध. गल्ल्यांमागून गल्ल्या फिरून झाल्या. अंधार पडला.

एका रिकाम्या प्लॉटपुढं, पत्र्याच्या कुंपणालगत, एकच जागा होती. तिथं बादली. जुनी, पोपडे उडालेली, वर लाल फडकं.

"कुणाचीतरी आहे हो," ओर्तेन्सिया म्हणाली.

"असेल. आइस्क्रीम खाईपर्यंत कुणी मरत नाही."

उतरला आणि उचलली. जड लागली. आत चुन्याचे तुकडे होते, भिंतीचे असतात तसे. फुटपाथवर ठेवून तो परत बसला आणि गाडी मागे घेऊ लागला.

तेवढ्यात मागून आवाज आला. पोरीचा. "येऊ द्या... येऊ द्या..."

गाड्या लावून देणारी माणसं तिथं असतातच. ड्रायव्हर मागे बघत नाही, आवाजावर गाडी घेतो. गाडीच्या पाठीवर दोन थापा पडल्या की थांबायचं. सगळी राजधानी असंच करते. आन्सेल्मोनंही तेच केलं.

"येऊ द्या..."

थाप पडेना.

"येऊ द्या... येऊ द्या..."

एवढी लांब नव्हती जागा. एव्हाना मागच्या गाडीला धडकायला हवं होतं. गाडी मागेच जात होती. रस्त्यावरचे दिवे पुढे राहिले, लहान झाले. आन्सेल्मोनं आरशात पाहिलं. रस्ता नव्हता. कुंपण नव्हतं.

हिरवी फरशी होती.

"आन्सेल्मो..." ओर्तेन्सिया पुटपुटली. "हा आवाज..."

"कुणाचा?"

तिचा हात त्याच्या मनगटावर आवळत गेला.

आवाज आता मागून येत नव्हता. तिच्या खिडकीशी होता. अगदी काचेला लागून. आणि आता 'येऊ द्या' म्हणत नव्हता.

"ये गं... राखलीय मी..."

आन्सेल्मोनं गिअर बदलून पाय दाबला. गाडी पुढं उसळली. पत्रा वाजला, कुणीतरी शिवी घातली, कुत्रं भुंकलं. रस्ता होता, दिवे होते, माणसं होती. घराकडचा तोलुकाचा रस्ता लागेपर्यंत आन्सेल्मोनं गाडी कुठं थांबवली नाही.

घरी आले. कुलूप काढलं. दोघं स्वयंपाकघरात जपमाळ घेऊन बसले. उजाडता उजाडता तो म्हणाला, "पड जरा." ओर्तेन्सिया खोलीत गेली.

नुसती दारात उभी राहिली.

पलंगावर, तिच्या बाजूला, बादली होती. लाल फडकं नीट घडी घालून वर ठेवलेलं.

मी आन्सेल्मोला म्हटलं, "उचल आणि फेक ओढ्यात." म्हणाला, "बेनिग्नो, एकदा उचलली तेवढी पुरे." खरं होतं त्याचं. मीही हात लावला नाही. ओर्तेन्सिया तेव्हापासून स्वयंपाकघरात खुर्चीवर झोपते आणि खोलीला कुलूप असतं. वर्षभर हेच चाललंय.

परवा त्यानं मला बोलावून घेतलं. खोलीचं कुलूप काढलं.

बादली खाली उतरवून ठेवलेली होती; आमच्यापैकी कुणी तिला हात लावला नव्हता. आणि ओर्तेन्सियाच्या बाजूची उशी... दबलेली होती.