बटणाची शेगडी

"काढून टाका ती चूल. मला आता कंटाळा आलाय राखेचा."

डोसोलिना हे इतक्या सहज बोलली की तिच्या मुलाच्या, फियोरेन्झोच्या, हातातला चमचा तसाच राहिला. सून निवेस गेला तासभर त्याला हेच पटवत होती: घर तापवायच्या गॅसचं बिल दर हिवाळ्यात वाढतंय, वरच्या खोल्यांत तरीही ऊब नाही, भुशाच्या कांड्यांवर चालणारी पेलेटची शेगडी घेतली तर अर्ध्यात भागेल. पण घराला धुराडं एकच. पेलेटची शेगडी लावायची तर स्वयंपाकघरातली लोखंडी चूल हलवावी लागणार होती. आणि फियोरेन्झो नकाराची मान हलवत होता. आईची चूल हलणार नाही, बिल कितीही येऊ दे!

"आई, तू मनापासून बोलतेयस?" त्याने विचारलं.

"मग काय नाटक करतेय? पहाटे उठून गुडघे टेकून फुंकायचं, हात काळे करायचे... पुरे झालं."

निवेसचा चेहरा उजळला. तिने उठून सासूच्या गालाचा मुका घेतला. आणि डोसोलिनाने मान वळवून खिडकीबाहेरच्या लाकडांच्या खोपटाकडे पाहिलं.

त्या खोपटातच तिने ते पाहिलं होतं. त्या खोऱ्यात जंगल सगळ्या गावाचं, आणि दर शरदात चिठ्ठी टाकून प्रत्येक घराच्या वाट्याला आपापली झाडं येत. ती घरच्या माणसानेच तोडायची, फोडायची, वाहून आणायची. पैसे देऊन दुसऱ्याकडून करून घेणं म्हणजे गावात नाक कापून घेणं. फियोरेन्झो दिवसभर चष्म्याच्या कारखान्यात उभा राही आणि सुट्टीला जंगलात जाई. त्या वर्षी शेवटची मोळी टाकून तो खोपटाच्या जमिनीवर पाठ टेकून पडला होता, कण्हणं बाहेर पडू नये म्हणून कोटाची बाही दातांत धरून... आणि थोड्या वेळाने तोच आत येऊन हसत म्हणाला होता, "झालं बघ आई, तुझ्या चुलीची सोय झाली."

चूल होती तोवर तो थांबणार नव्हता. आणि थांब म्हटलं तर ऐकणार नव्हता. मग त्या माउलीने दुसरं काय करायचं!

चूल गेली. चार माणसांनी ती दारातून तिरपी करून काढली, भंगारवाल्याच्या गाडीत चढवली. डोसोलिना तेव्हा वर जाऊन अंथरुणं झटकत बसली होती, झटकलेलीच पुन्हा झटकत. धुराड्यात बारीक नळी उतरवली गेली, आणि चुलीच्या जागी एक चकचकीत काचेची शेगडी आली. ती पहाटे लावलेल्या वेळेला आपली आपणच पेटे. आत टपटप कांड्या पडत, पंखा घुरघुरे, काचेआड ज्योत नाचे. घर खरोखरच उबदार झालं, बिलही उतरलं, निवेसचं काही चुकलं नव्हतं. चुकलं होतं ते एवढंच, की त्या घरात आता डोसोलिनाला काहीच करायचं उरलं नव्हतं.

ती सवयीने पहाटे उठे, खाली येई, आणि ज्योत आधीच तिथे असे. कांड्यांची पिशवी तिला उचलत नव्हती. "राहू द्या आई, मी ओतते," निवेस प्रेमाने म्हणे. मक्याच्या पिठाचा पोलेंटा घोटायचा तर आता गॅसवर, आणि निवेसच झटपट घोटी. "तुम्ही बसा ना निवांत," सगळे म्हणत. बसून बसून त्या हातांना काय करावं ते कळेना!

म्हणून ती दुपारी पलीकडच्या ओलिवाकडे जाऊ लागली. ओलिवा तिची बालमैत्रीण, एकटी, आणि तिच्याकडे अजून लोखंडी चूल होती. डोसोलिना गेली की बहुतेक वेळा ती विझलेलीच असे.

"म्हातारपणी तुला चूलसुद्धा सांभाळता येईना," डोसोलिना रागवे आणि गुडघे टेकून बसे. ढलप्या रचायच्या, काडी ओढायची, फुंकायचं... तेवढा वेळ तिचा जीव जाग्यावर असे.

पण गावाला डोळे असतात आणि तोंडही असतं. एके दिवशी निवेस पावाच्या दुकानातून परतली ती कोटही न काढता सासूसमोर उभी राहिली.

"आई, मी तुम्हाला घराबाहेर काढलं का?"

"हे काय भलतंच?"

"गाव म्हणतंय. सुनेने सासूची चूल भंगारात घातली, म्हातारी आता शेजाऱ्यांच्या दारी ऊब मागत फिरते. पावाला रांगेत उभी होते मी, बायका माझ्यासमोर बोलल्या." तिने पावाची पिशवी टेबलावर टाकली. "तुम्हीच म्हणालात ना काढा म्हणून? मग रोज तिकडे का जाता? माझ्या घरात तुम्हाला काय कमी आहे?"

खरं सांगावं तर मुलाचं गुपित फुटणार, न सांगावं तर या पोरीच्या कपाळी फुकटचा कलंक! डोसोलिना एवढंच म्हणाली, "ओलिवा एकटी असते गं."

निवेस डोळे पुसत वर निघून गेली. त्यानंतर ती सासूशी कामापुरतंच बोलू लागली.

फेब्रुवारीत ओला, जड बर्फ पडला. तारांवर झाडं कोसळली आणि खोऱ्यातली वीज गेली. शेगडीचा पंखा थांबला, काचेआडची ज्योत बसली, विजेवाचून गॅसची ऊबही बंद पडली, स्वयंपाकघरात धुराचा वास पसरला. खोपटात पेलेटच्या पिशव्यांची थप्पी छतापर्यंत, आणि घरात बोटं वाकेनात इतकी थंडी! फियोरेन्झो शेगडीसमोर हताश बसून राहिला. जुनी चूल केव्हाच वितळून गेली असेल, आणि असती तरी त्या बारीक नळीला जोडता थोडीच आली असती? दुसऱ्या दुपारी तिघंही अंगावर पांघरुणं घेऊन ओलिवाच्या दारात उभे राहिले.

चूल विझलेली होती.

"बघा, या थंडीतही!" डोसोलिना पुटपुटली आणि गुडघे टेकून बसली.

तिच्या हातांची ती लगबग निवेस बघत राहिली. मग म्हणाली, "तुम्हाला तर कंटाळा आला होता ना, आई?"

"कंटाळा?" ओलिवा एकदम बोलली. "हिला? अगं पोरी, रोज जेवण झालं की मी विस्तव बादलीत काढते आणि ही येईपर्यंत कुडकुडत बसते. हिला पेटवायला काहीतरी मिळावं म्हणून."

डोसोलिनाच्या हातातली काडी जळत बोटापर्यंत आली.

"ओलिवा, गप्प बस."

"खूप गप्प बसले. गाव या पोरीला नावं ठेवतंय आणि तू बघत बसलीयस. फियोरेन्झो, तू खोपटात बाही चावत पडला होतास, ते हिने पाहिलं, हिनेच मला सांगितलं. म्हणून गेली ती चूल. बिलासाठी नाही गेली."

फियोरेन्झो भिंतीला टेकला. "तुला दिसलं होतं?"

"आईला दिसतं रे," डोसोलिना म्हणाली, आणि इतक्या महिन्यांचं साचलेलं सगळं तिच्या डोळ्यांतून वाहू लागलं. फियोरेन्झो खाली बसला आणि त्याने लहान मुलासारखं तिच्या मांडीवर डोकं ठेवलं.

"परत आणूया ना चूल, कुठूनतरी," निवेस हुंदके देत म्हणाली. "धुराडं फोडूया..."

"आणि लाकडं कोण आणणार?" डोसोलिनाने हळूच विचारलं.

वीज आली. त्यानंतरच्या पहाटे डोसोलिना खाली उतरली तेव्हा स्वयंपाकघर बर्फासारखं गार होतं. निवेस कोट घालून, हात काखेत दाबून, विझलेल्या शेगडीपुढे बसली होती. कांड्या भरून ठेवल्या होत्या.

"आज लागली नाही का ही?"

"मी ते वेळेचं बंद केलंय," निवेस म्हणाली. "यापुढे तुम्ही उठल्याशिवाय ही लागणार नाही."

"थंडीने आजारी पडशील, वेडे."

"पडेन. तुम्ही लावा."

डोसोलिना तिच्या शेजारी गुडघे टेकून बसली आणि तिने बटण दाबलं. पंखा घुरघुरला, टपटप कांड्या पडू लागल्या, पण ज्योत यायला वेळ होता. सवयीने ती पुढे वाकली आणि तिने काचेवर फुंकर मारली. काचेवर वाफ धरली. निवेस हसली नाही. तीही वाकली आणि तिनेही फुंकर मारली.

बऱ्याच वेळाने आत पिवळं काहीतरी हललं.

"लागली," डोसोलिना म्हणाली.

"तुम्ही लावलीत," निवेस म्हणाली आणि तिने सासूचा हात घट्ट धरला. शेगडी आपली आपणच लागली होती, हे दोघींनाही ठाऊक होतं.