मूळ स्वरूप पूर्ववत केले आहे

माझ्या बहिणीचा चेहरा तुम्ही नेलात. चुकून नेलात की जाणूनबुजून, ते मला माहीत नाही आणि आता त्याने फरकही पडत नाही. तुमच्या मदतकक्षाला मी अकरा वेळा लिहिलं. अकराही वेळा तेच उत्तर आलं, खाली ना माणसाचं नाव ना सही. म्हणून आता सगळं इथे, चारचौघांत लिहितोय. तुमचे खेळाडू वाचतील, तुमच्याकडे नोकरी करणारेही वाचतील. माझी चूक कुठे झाली तेही लिहितो, म्हणजे तुम्हाला तोंड चुकवायला जागा राहायची नाही.

मी दातांच्या कवळ्या बनवतो. दवाखान्याच्या मागच्या खोलीत माझं टेबल आहे. डॉक्टर पेशंटच्या तोंडाचं माप पाठवतात, मी त्यात प्लास्टर ओततो, मेणात दात बसवतो. सोळा वर्षं झाली. रस्त्यात कुणी हसलं की मला आधी जबडा दिसतो, मग माणूस. शाळा दहावीला सुटली. कॉम्प्युटरचं जे येतं ते रात्रंदिवस डोकं फोडून स्वतः शिकलोय. भूतबीत मी मानत नाही. जे मोजता येतं ते मानतो.

घरी आई, मी आणि बारकी. बारकी म्हणजे माझी धाकटी बहीण, सव्वीस वर्षांची. चष्म्याच्या दुकानात डोळे तपासते. ती नऊ वर्षांची असताना मी तिला झोपाळ्यावर नको तेवढा जोरात झोका दिला आणि ती लोखंडी खांबावर तोंडावर आपटली. उजव्या भुवईत पाच टाके, पुढच्या दाताचा कोपरा गेला. आई माझ्याशी महिनाभर बोलली नव्हती. पुढे हातात कला आल्यावर मी कितीदा म्हटलं, बारके, दात नीट करून देतो. ती म्हणायची, "राहू दे. तुझी सही आहे ती."

तुमचा गेम आम्ही दोघं सहा वर्षं खेळत होतो. रविवारी दुपारी जेवणं झाली की दोन कॉम्प्युटर, दोन खुर्च्या, पाठीला पाठ. सगळं इथूनच सुरू झालं.

"दादा, ह्या गेममधल्या सगळ्या बाया एकाच आईच्या पोरी वाटतात रे."

"आणि ती आईसुद्धा त्यांच्यासारखीच दिसते."

"मला माझं थोबाड लावून दे ना. एवढी लोकांची तोंडं घडवतोस, बहिणीचं एक जमत नाही?"

जमत होतं. त्यासाठी एक टूल आहे. तुमचं नाही, कुणा तिऱ्हाइताने बनवलेलं. तुमच्या नियमांत ते बसत नाही हे मला ठाऊक होतं. पण सात-आठ वर्षं हजारो लोक ते उघड वापरतायत आणि तुम्ही डोळ्यांवर कातडं ओढून बसलात. त्याचं काम साधं. आपल्या कॉम्प्युटरवरची चेहऱ्याची फाईल काढायची आणि तिच्या जागी, तिच्याच नावाने, आपण केलेली ठेवायची. मूळ फाईलची एक प्रत टूल वेगळ्या फोल्डरात जपून ठेवतं, पुन्हा आधीसारखं करायचं झालं तर. आणि बदल दिसतो तो फक्त आपल्याच स्क्रीनवर. बाकीच्या खेळाडूंना बारकी तीच साच्यातली बाई दिसणार होती.

मला तीन रविवार लागले. कारण तुमचे कारागीर चेहरा अर्धाच रंगवतात. डावी बाजू करायची आणि आरशात धरल्यासारखी उजवीकडे उलटायची. खऱ्या माणसाची एक बाजू दुसरीसारखी कधीच नसते, निदान माझ्या टेबलावर आलेली एकही नव्हती. मी दोन्ही बाजू वेगळ्या केल्या. खिडकीच्या उजेडात बारकीचे फोटो काढले, समोरून आणि दोन्ही अंगांनी, तोंड मिटलेलं. भुवईची फट केसाकेसाने रंगवली. तोंडाच्या आतलं मी काहीच केलं नाही. गेममध्ये बाया तोंड उघडत नाहीत, फक्त ओठ हलतात.

ती स्क्रीनवर आली तेव्हा बारकी खुर्चीतून उठून नाचली. आई हात पुसत बघायला आली. बराच वेळ बघून म्हणाली, "केस तरी विंचरायचेस तिचे."

दोन आठवडे मजेत गेले. मग पोस्टमनकाका.

हे आमच्याबरोबर खेळणारे एक निवृत्त गृहस्थ. दुसऱ्या गावचे, कधी भेटलेले नाहीत. जन्मभर टपाल वाटलं म्हणून ते नाव. त्यांच्याकडे टूल नाही, त्यांना धड फोटो पाठवता येत नाही. त्या रविवारी खेळता खेळता त्यांनी लिहिलं, "ताईच्या भुवईला काय लागलं हो?"

बारकीला वाटलं मी चहाडी केली. मला वाटलं तिने केली. दोघांनी एकमेकांना शपथा घातल्या. काकांना विचारलं तर म्हणाले, "कुणी सांगायला कशाला हवं? दिसतंय की."

पुढच्या आठवड्यात तुमचं अपडेट आलं. अपडेट आलं की बाहेरचे चेहरे पुसले जातात, टूल पुन्हा चालवावं लागतं. मी चालवलं. त्याने विचारलं, मूळ फाईलची नवी प्रत ठेवायची का? मी हो म्हटलं. आधी बघायला हवं होतं. ह्या वेळी चेहरा पुसला गेलाच नव्हता. गेमच्या फोल्डरात बारकीच होती, आणि टूलने तिचीच प्रत काढून जुन्या प्रतीवर ठेवली. म्हणजे 'मूळ' नावाच्या फोल्डरात आता तुमची बाई नव्हती. माझी बहीण होती.

ही माझी चूक. हे टूल वापरणारा प्रत्येक जण एकदा तरी ही चूक करतो. कुणाचं काही बिघडत नाही. गेम पुन्हा उतरवून घ्यायचा, झालं.

मी कंटाळा केला.

त्या रविवारी आम्ही गेममधल्या बाजारात गेलो. तिथे दहा-बारा विक्रेत्या उभ्या असतात. त्या कुणी खेळाडू नाहीत, गेमच चालवतो त्यांना. पहिलीकडे गेलो. तुटलेली भुवई. दुसरीकडे गेलो. तीच.

"अगंबाई!" बारकी माझ्या पाठीमागे हसत सुटली. "किती मी! दादा, मी सगळीकडे आहे."

मीही हसलो. फाईलींची नावं सारखी असतील, गोंधळ झाला असेल, म्हटलं. तेवढ्यात तिसऱ्या विक्रेतीने तोंड उघडलं.

आत दात होते. मी घातले नव्हते. वरच्या पुढच्या दाताचा कोपरा उडालेला. खालचे मधले दोन एकमेकांवर चढलेले, डावा पुढे, उजवा मागे. मी बहिणीचे दात कुठेही ओळखीन. अंधारात, नुसत्या बोटांनी ओळखीन. विक्रेतीने तोंड तसंच उघडं ठेवलं. दवाखान्याच्या खुर्चीत बसलेला पेशंट ठेवतो तसं.

बारकी हसायची थांबली.

"बंद कर," ती म्हणाली.

"अगं, काहीतरी..."

"दादा, बंद कर. ती माझ्याकडे बघतेय. तुझ्या पात्राकडे नाही. इकडे."

मी टूल काढून टाकलं, गेम पुसून पुन्हा उतरवला. विक्रेत्या तशाच. मग भल्या माणसासारखं तुम्हाला पत्र लिहिलं. टूल वापरलं हे कबूल केलं, शिक्षा करा म्हटलं, खातं बंद करा, पण माझ्या बहिणीचा चेहरा तुमच्या गेममधून काढा.

नऊ दिवसांनी, दुपारी पावणेदोनला उत्तर आलं. 'आपल्या खात्यातील अनधिकृत बदल दूर करण्यात आले आहेत. मूळ स्वरूप पूर्ववत केले आहे. खाते कायमचे बंद करण्यात येत आहे.'

मी सुटकेचा श्वास टाकला. त्या दिवशी बारकी जेवायला घरी आली होती. आईने ताटं वाढली. मी पाण्याचा तांब्या घेऊन समोर बसलो आणि तिच्याकडे बघितलं.

भुवई अखंड होती.

"हे काय केलंस?" मी विचारलं.

"काय?"

"भुवई. रंगवलीस?"

"नाही रे दादा," ती म्हणाली आणि हसली. दाताला कोपरा होता.

मी आईकडे वळलो. "आई, हिच्या भुवईचा व्रण कुठे गेला?"

"कसला व्रण?"

"झोपाळ्यावरून पडली होती तो. पाच टाके घातले होते. तू महिनाभर माझ्याशी बोलत नव्हतीस!"

आईने माझ्या ताटात पोळी वाढली. "काहीतरी अभद्र बोलू नकोस जेवताना. तिला कधी खरचटलंसुद्धा नाही."

मी भिंतीवरचे फोटो बघितले. शाळेचा, कॉलेजचा, दुकानातल्या सहकाऱ्यांबरोबरचा. सगळ्यांत भुवई अखंड. ताटावरून उठून मी दवाखान्यामागच्या माझ्या खोलीत गेलो. फळीवर बारकीच्या दातांचं एक प्लास्टर होतं, ती अठरा वर्षांची असताना हौसेने काढलेलं. ते होतं तसंच होतं. उडालेला कोपरा, चढलेले दोन दात. त्याला कुणी हात लावला नव्हता. बहुतेक ते कुणाच्या यादीत नव्हतं.

संध्याकाळी मी बारकीला खुर्चीत बसवलं. मापाची पट्टी आणि कॅलिपर घेतलं. एरवी ती शंभर नखरे करते, गुदगुल्या होतात म्हणते, शिव्या घालते. ती गप्प बसली. हनुवटी मी सांगायच्या आत वर केली.

डाव्या डोळ्याच्या कोपऱ्यापासून ओठाच्या कोपऱ्यापर्यंत अडुसष्ट पूर्णांक चार मिलिमीटर.

उजवीकडे अडुसष्ट पूर्णांक चार.

डावा कान, उजवा कान. डावी नाकपुडी, उजवी नाकपुडी. सुळे. दाढा. गालावरचा एक बारीक तीळ, आणि दुसऱ्या गालावर नेमका त्याच उंचीवर, तेवढाच, दुसरा.

"झालं का दादा?" तिने गोड आवाजात विचारलं. बारकी माझ्याशी गोड आवाजात कधी बोलली नाही.

त्या रात्रीपासून तुम्हाला आणखी दहा वेळा लिहिलं, दहाही वेळा तेच उत्तर. काल पोस्टमनकाकांचा फोनवर निरोप आला. मी जसाच्या तसा उतरवतो.

'बाजारातल्या विक्रेत्या परत पहिल्यासारख्या झाल्या. पण विहिरीपाशी एक बाई उभी आहे. ताईंसारखी दिसते, भुवई तुटलेली. डोक्यावर नाव नाही. काही विकत नाही. येणाऱ्या-जाणाऱ्याला अडवते. मला म्हणाली, दादाला सांगा. मी विचारलं, काय सांगू? म्हणाली, इथे डोळे मिटता येत नाहीत.'

त्यांना वाटलं मी काहीतरी नवा खेळ रचलाय. दोन दिवस तिकडे जाणार नाही म्हणाले, छाती धडधडते.

आणि आज सकाळी तुमची सूचना वाचली. येत्या गुरुवारच्या अपडेटमध्ये उरलेली सर्व अनधिकृत स्वरूपे कायमची नष्ट करण्यात येतील.

ती विहिरीपाशी उभी आहे ती अनधिकृत नाही. ती माझी बहीण आहे. तुमच्याकडे जी अधिकृत होती ती आमच्या घरात आहे, आईच्या हाताखाली भाजी निवडते, आणि आई खूश आहे. मला शिक्षा हवी तेवढी करा. मला तुमचे नियम ऐकवू नका. एवढंच सांगा, ती आहे कुठे आणि तिला परत कसं आणायचं. गुरुवारच्या आत

इथवर लिहिलं आणि खांद्यामागे चहाचा वास आला. ती कधी आली ते कळलं नाही. कप ठेवून ती स्क्रीनवरचं सगळं वाचत उभी राहिली. चिडली नाही. शेवटच्या ओळीवर तिने बोट ठेवलं.

"गुरुवार नाही, दादा," ती म्हणाली. "उद्या. आत्ताच ठरलंय."

मी तुमची सूचना पुन्हा उघडली. गुरुवारच होता. मी बघत असताना पान हललं आणि तारीख बदलली.

आज सोमवार आहे, दुपारचे साडेतीन वाजलेत. उत्तर द्या.