दोन्ही व्हॉल्व्ह बंद

आमच्या घरामागच्या शेडमधला ट्रॅक्टर बघून पाहुणे आधी हसतात. शेतातल्या ट्रॅक्टरचं पिल्लूच वाटतं ते. वर बसलं की गुडघे हनुवटीला टेकायला येतात. पण १९६३ सालचं ओतीव लोखंडाचं इंजिन आहे, सिलिंडर एकच, आणि इथे वेस्टबी गावातल्या आमच्या चढउताराच्या अंगणात गवत कापायला आणि बटाट्याचे वाफे नांगरायला त्याच्यासारखं दुसरं काही नाही. माझे सासरे सेल्मर यांनी तो नवाकोरा घेतला होता. सासूबाई गेल्यावर ते आमच्याकडे राहायला आले ते दोन सुटकेसा आणि हा ट्रॅक्टर घेऊन. त्यांना आम्ही दक्षिणेची खोली दिली, कारण तिच्या खिडकीतून शेडचं दार दिसतं.

वसंतात त्यांच्या बोटांनी संप पुकारला आणि ग्रीसगन माझ्या हातात आली.

"लोवेल, तुझं कारखान्यातलं दूध नव्हे हे, थेंबथेंब तपासत बसायला," ते खिडकीतून ओरडायचे. "दाब चांगला! जुनं काळं ग्रीस बाहेर येईपर्यंत दाब!"

मी चीजच्या कारखान्यात दूध तपासतो. आकडा दिसल्याशिवाय मी कशावर विश्वास ठेवत नाही आणि याबद्दल घरात माझी भरपूर टिंगल होते. म्हणून पुढचं सगळं सांगताना मला आजही अवघडल्यासारखं होतं.

पहिल्यांदा लक्षात आलं ते अर्लिसच्या, म्हणजे माझ्या बायकोच्या. मी पुढच्या चाकांच्या निपलांत, म्हणजे ग्रीस घालायच्या तोंडांत, ते भरलं त्या संध्याकाळी सेल्मर कठड्याला हात न लावता व्हरांड्याच्या पायऱ्या चढले. मी म्हटलं, हवा चांगली आहे. पुढे कामाच्या रगाड्यात ग्रीसिंग राहून गेलं, तर त्यांचे गुडघे असे आखडले की खुर्चीतून उठवायला दोघं लागलो. मी म्हटलं, दमट हवा. मग एका शनिवारी डाव्या बाजूला ग्रीस भरलं आणि गनमधलं ग्रीसचं नळकांडं संपलं. दुकान बंद होतं, उजवी बाजू तशीच राहिली. रात्रीच्या जेवणाला सेल्मर उजवा पाय फरफटत आले. डावा पाय अगदी ऐटीत पडत होता.

अर्लिसने माझ्याकडे पाहिलं. मी बटाट्यांकडे पाहिलं.

"नळकांडं आणून ठेव," ती एवढंच म्हणाली.

सप्टेंबरात डॉक्टरांनी सांगितलं की सेल्मरच्या हृदयाची झडप पार झिजली आहे, या वयात कापाकापी नको, आणि नाताळ दिसला तर नशीब समजा. आमची मुलगी कर्स्टन मिनियापोलिसला असते. मे महिन्यात तिला बाळ व्हायचं होतं, घरातलं पहिलं पतवंड. अर्लिसने तेव्हापासून एकच घोशा लावला, मे. डॅडनी मे महिना बघायलाच हवा. ती भांडी घासताना म्हणायची, गाडी चालवताना म्हणायची. मला तिची काळजी वाटायला लागली होती, सेल्मरपेक्षाही जास्त.

नोव्हेंबर उजाडला. आमच्याकडे हरणांच्या शिकारीआधी ट्रॅक्टर हिवाळ्यापुरता झोपवायचा असतो. नंतर थंडी इतकी पडते की पाना हाताला चिकटतो. त्या दिवशी अर्लिस चर्चच्या तळघरात बायकांबरोबर लेफ्से लाटायला गेली होती, शेकडो पातळ पोळ्यांचं काम, संध्याकाळशिवाय सुटका नाही. सेल्मर खिडकीपाशी खुर्चीत कॉफी घेऊन बसले होते. श्वास घ्यायला त्यांना त्रास होत होता, पण सूचना द्यायला होत नव्हता.

"पेट्रोल जळून संपू दे. प्लग काढ, चमचाभर तेल आत सोड. मग इंजिनचं चाक हाताने फिरव, हळू. जड लागलं की थांब. म्हणजे काय झालं?"

"दोन्ही व्हॉल्व्ह बंद."

"दोन्ही बंद. हवा आत नाही, बाहेर नाही. असं ठेवलं तर इंजिन कितीही हिवाळे काढेल. विसरशील, लॅबवाल्या!"

विसरलो नाही. पेट्रोल संपून इंजिन खोकलं आणि बंद पडलं. गरम लोखंडाचा वास शेडभर झाला. तेल सोडलं, प्लग परत घट्ट बसवला आणि फ्लायव्हील दोन्ही हातांनी फिरवायला घेतलं. आत हवा ओढल्याचा आवाज झाला, मग चाक जड झालं. मी थांबलो, वर ताडपत्री घातली आणि खिडकीकडे बघून अंगठा उंचावला. सेल्मरनी हात वर केला नाही.

घरात आलो तेव्हा ते खुर्चीत ताठ बसले होते. डोळे उघडे, तोंड मिटलेलं, छाती भरून वर आलेली. कॉफीचा कप मांडीवर सरळ उभा होता, एक थेंब सांडलेला नव्हता.

नाडी लागली नाही. अंग कोमट होतं. कारखान्यात शिकवलं होतं तसं त्यांना जमिनीवर घेतलं आणि छाती दाबायला गेलो.

छाती दबेना.

सगळा भार टाकला. आत घट्ट हवा भरलेली होती आणि ती माझे हात वर ढकलत होती. हे ढकलणं मी नुकतंच अनुभवलं होतं, दुसऱ्या ठिकाणी.

मी पळालो. ताडपत्री ओढून काढली, चाक पुढे लोटलं. धुराड्यातून एक लांब सुस्कारा निघाला.

परत आलो तर सेल्मर जमिनीवर पडून खोकत होते. त्यांनी माझी बाही पकडली. इतकं घाबरलेलं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

"ताडपत्री घातलीस ते ऐकलं," ते म्हणाले. "कावळे ऐकले. घड्याळ ऐकलं. पापणी हलवता येत नव्हती रे. परत नको. शपथ घे, परत नको."

मी शपथ घेतली आणि चाक मोकळं ठेवलं.

संध्याकाळी अर्लिसला सगळं सांगितलं, त्यांचे शब्दसुद्धा. ती हसेल, मला वेड्यात काढेल अशी मला आशा होती. तिच्या कोपरापर्यंत पीठ लागलेलं होतं. ती बराच वेळ पीठ खरवडत राहिली.

"किती वेळ राहिले तसे?"

"अर्लिस, ते नको म्हणालेत."

"दुखत होतं का त्यांना?"

"ते नाही विचारलं मी."

"मग विचारायचं ना," ती म्हणाली.

डिसेंबरात एका सकाळी सेल्मरचे ओठ निळे पडले. हॉस्पिटलला जायचं नाही हे त्यांनी आधीच बजावलं होतं. मी त्यांचा हात धरून बसलो. प्रत्येक श्वास मध्येच अडकत होता. अर्लिस दारात उभी राहून बघत होती. मग तिने गाऊनवरच माझा शिकारीचा नारिंगी कोट चढवला आणि बाहेर गेली.

सेल्मरनी खिडकीतून पाहिलं. बर्फात तो नारिंगी रंग शेडकडे चालला होता.

ते माझ्याकडे बघून मान हलवू लागले. नाही. नाही.

"मी जातो, थांबवतो तिला," मी म्हटलं. पण त्यांनी माझी बोटं सोडली नाहीत आणि मीही ती ओढून घेतली नाहीत.

त्यांनी श्वास घेतला. मोठा, सहज, कितीतरी महिन्यांत घेतला नव्हता असा.

तो बाहेर आलाच नाही.

माझी बोटं मला एकेक करून सोडवून घ्यावी लागली.

आता मार्च आहे. चर्चमध्ये आम्ही सांगितलंय की सेल्मर डेकोरा गावी त्यांच्या बहिणीकडे आहेत. खोलीचा हीटर बंद असतो. अर्लिस रोज दुपारी त्यांच्याजवळ बसते, कर्स्टनचं पोट किती वाढलं ते सांगते, मऊ फडक्याने त्यांच्या डोळ्यांवरची धूळ टिपते. शेडमधलं चाक पुढे फिरवायला मला दोन मिनिटं लागतील. मी रोज ठरवतो आणि रोज तिच्या तोंडाकडे बघून थांबतो. तिचं ऐकावं तर त्यांचा गुन्हेगार, त्यांचं ऐकावं तर तिचा.

यंदा उंदरांचा सुळसुळाट फार झालाय. काल तिने सेल्मरच्या कोटाच्या खिशांत डांबरगोळ्या ठेवल्या. "वास येईल जरा, डॅड," ती म्हणाली, "थोडेच दिवस." मग तिला त्यांच्या डाव्या पायमोज्याला अंगठ्यापाशी पडलेलं भोक दिसलं. कडा कुरतडलेल्या होत्या. तिने सुईदोरा आणला आणि पायातच तो मोजा शिवून टाकला. काढून आत बघावं असं तिला वाटलं नाही.