पितळ उजळतं तिथे

हे घडलेलं आहे. पटलं तर घ्या, नाहीतर सोडून द्या. मी मात्र अजून त्यातून बाहेर आलेलो नाही.

जुने दिवे पारखून किंमत ठरवणं हा माझा धंदा. रात्रबित्र नव्हती, टळटळीत दुपार होती. धाकट्या बहिणीच्या घरी, मागच्या खोलीत.

ती खोली बाळासाठी सजवलेली. बाळ मागच्या वर्षी जन्मलं आणि त्याच दिवशी गेलं. तेव्हापासून खोलीला कुलूप. त्या घरात राहून बहीण झुरत चालली होती, म्हणून नवरा-बायको घर बदलणार होते.

"हा दिवा तेवढा विकून टाक, दादा," ती दारातूनच म्हणाली. आत पाऊल टाकेना.

जमिनीवर उभा राहणारा, पितळी दांड्याचा, माणसाएवढा दिवा. शेड मूळची, वायर कापडी, बैठक जड. माल अस्सल होता.

"तुझ्या घरात एवढी एकच वस्तू धड आहे," मी म्हणालो. "मेहुणे धरून."

ती हसली. बऱ्याच महिन्यांनी.

मग पारखायला म्हणून मी दांड्यावर टॉर्च मारला...

दांडा काळवंडलेला. हात लागला नाही की पितळ काळवंडतंच. पण खाली, माझ्या गुडघ्याजवळ, ते लखलखत होतं.

रोज हात लागतो तिथेच पितळ असं उजळतं.

आणि तो हात... लहान होता.

"हा कुणी पुसला का गं?"

"कुलूप आजच उघडलंय, दादा."

त्याच्या थोडं वर तसाच आणखी एक उजळ डाग. त्याच्या वर आणखी एक.

मी दिवा उचलला आणि दुकानात आणला.

संध्याकाळी तिचा फोन आला.

"दादा, मागच्या खोलीत काहीतरी पडतंय... धप्प. थोडं थांबतं... परत धप्प."

"खिडकी असेल."

"खिडकी नाही रे. कुणीतरी उठून उभं राहतंय... आणि पडतंय."

धरून उभं राहायचा त्याचा आधार मीच काढून आणला होता.

तसाच निघालो. दिवा होता तिथे नेऊन ठेवला.

आवाज थांबला.

मग मी तिला ते डाग दाखवले. ती उंबऱ्यावर बसून रडली. मीही रडलो, लपवत नाही.

महिने गेले, घर बदलायचं राहिलंच. "त्याला एकट्याला टाकून कशी जाऊ?" म्हणायची.

परवा तिने मुद्दाम बोलावलं. "बघ ना, आता कुणी दांडा धरत नाही."

खरंच. सगळे डाग काळवंडले होते.

"सुटलं रे ते," ती म्हणाली. चेहरा मोकळा झाला होता. सामान बांधायला घेतलं होतं. मलाही बरं वाटलं.

ती ओट्यापाशी चहा करत होती. मी मागे उभा.

तिचा गाऊन गुडघ्याजवळ एका बाजूला ताणला गेला... कुणी मुठीत धरून ओढावा तसा.

बोलता बोलता, न बघताच, तिने हात खाली नेला. आणि हवेतच थोपटल्यासारखं केलं.

"साखर किती घालू, दादा?"

पुढच्या आठवड्यात ते नवीन घरी जातायत. मी तिला अजून काही सांगितलेलं नाही.