शेजारची सीट

जुन्या गाडीची किंमत ठरवताना मी मालकाला आधी काही विचारत नाही. त्याने सांगितलेलं एकदा डोक्यात बसलं की डोळे तेवढंच शोधायला लागतात. मी गाडीभोवती एकदा उजवीकडून, एकदा डावीकडून फिरतो. फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक पत्र्यावरून फिरवतो, कारण आत पुट्टी भरलेली असली की ते तिथं पकडत नाही. मग पेडलची रबरं, स्टिअरिंग, गिअरची मूठ आणि सगळ्यांत शेवटी सीट. सीट बघून मी मालक जाडा की बारीक, आळशी की घाईचा, हे सांगू शकतो आणि ते सहसा बरोबर निघतं.

आखातात, मीना सलमानच्या बंदरात एका विमा कंपनीसाठी गाड्या तपासणं हेच माझं काम. शहाण्णव साली त्याला चौदा वर्षं झाली होती. या चौदा वर्षांत गमरेचा, म्हणजे माझा, आकडा चुकला असं कोणी म्हटलं नव्हतं आणि मला त्याचा थोडा माजही होता. दर शुक्रवारी सकाळी आम्ही दहाबारा कुटुंबं मनामात एका मित्राच्या फ्लॅटवर वंदनेला जमायचो. पंचशील म्हणताना चौथं, खोटं न बोलण्याचं शील आलं की माझा आवाज जरा चढायचा. ते माझ्या धंद्याचंच शील, असं मी चेष्टेनं म्हणायचो.

जुलैच्या अखेरीस इलियास माझ्या ऑफिसात आला. त्याचं सुकात, म्हणजे इथल्या जुन्या बाजारात, घड्याळांचं दुकान. तो खेडचा, मी चिपळूण तालुक्यातला. एवढ्यावर इथं माणसं भाऊबंद होतात. त्याच्या बहिणीचे मालक उबेदभाई मे महिन्यात वारले होते. संध्याकाळी छातीत कळ आली, सलमानियाच्या इस्पितळात नेलं आणि तासाभरात खलास. मयतीला मीही गेलो होतो.

"झोहराची इद्दत चाललीय," इलियास म्हणाला. नवरा गेल्यावर बाईनं घरातच काढायचे ते चार महिने दहा दिवस. "सप्टेंबरला संपेल. उबेदभाईंच्या कंपनीनं तिचा व्हिसा तवरच ठेवलाय. मग ती गावाला जायची. उबेदभाईंनी मागं काय ठेवलं म्हणशील, तर ती गाडी."

ती गाडी सगळ्यांना ठाऊक होती. ड्रॉइंग ऑफिसात खाली मान घालून काम करणाऱ्या, पन्नाशीच्या माणसानं तीन वर्षांपूर्वी अचानक छप्पर उघडणारी, दोनच सीटची निळी स्पोर्ट्‌स कार घेतली, तेव्हा सुकात महिनाभर दुसरा विषय नव्हता. पोरगं ना बाळ, म्हणून म्हातारपणी हौस सुचली, असं लोक हसून बोलायचे. उबेदभाई रोज संध्याकाळी एकटेच तासभर फिरून यायचे.

"गिऱ्हाईक हाय," इलियास म्हणाला. "आपला ताहिर, बेकरीवाला. तो म्हणतो, गमरे लिहील तो आकडा मला कबूल. झोहरापण तेच म्हणते. आता तूच बघ."

दोन्ही बाजूंनी एका तिसऱ्याचाच शब्द मानायचा, ही आमच्याकडची जुनी पद्धत. पण ती गावातल्या म्हशीसाठी ठीक होती. इथं एका बाईच्या पुढच्या आयुष्याची सोय माझ्या एका आकड्यावर ठरणार होती, आणि मला ते ओझं नको होतं. तरी मी हो म्हणालो.

शुक्रवारी वंदनेनंतर मी सलमानियाला त्यांच्या बिल्डिंगमागे गेलो. पत्र्याच्या शेडमध्ये गाडी कापडी झाकणाखाली होती. झाकणावर अडीच महिन्यांची धूळ एकसारखी बसलेली, बोट लागल्याची खूण नाही. इलियासनं झाकण काढलं.

गाडी उत्तम होती. एक्क्याण्णवचं मॉडेल, पत्र्याला कुठं पुट्टी नाही, छपराचं कापड शाबूत. ड्रायव्हरची सीट पाहून मालक सडपातळ, शांत आणि सावकाश उतरणारा, हे लगेच कळत होतं. ते उबेदभाईच होते. मनातल्या मनात मी बावीसशे दिनार धरले.

मग मी पलीकडे जाऊन उजवीकडचं दार उघडलं; इथं स्टिअरिंग डावीकडे असतं.

शेजारची सीट ड्रायव्हरच्या सीटपेक्षा जास्त झिजली होती. काळ्या चामड्याला मध्यभागी खोलगट बाक आला होता. दाराकडच्या कडेची शिवण उसवली होती. चढता-उतरताना अंग घासून ती नेहमी तिथंच उसवते, पण त्याला रोजचं चढणं-उतरणं लागतं. खाली गालिच्यात टाचांचे दोन खळगे होते, एकमेकांना अगदी चिकटून, जसं कोणी पाय जुळवून आदबीनं बसावं. उसवलेली शिवण मी पट्टीनं मोजली. नऊ सेंटिमीटर. वहीत लिहून ठेवलं.

वर झोहराभाभी दिवाणखान्याच्या आतल्या दाराच्या पडद्याआड बसल्या होत्या. इद्दतीत परक्या पुरुषासमोर यायचं नाही, म्हणून मी पडद्याकडे बघत बोललो. इंजिन, पत्रा, छप्पर, सगळं सांगितलं. मी थांबलो तेव्हा त्या म्हणाल्या, "आणि शेजारची सीट?"

मी तिचं नावही काढलं नव्हतं.

"झिजलीय," मी म्हणालो. "दोनशे तरी कमी करावे लागतील. तुमचं रोजचं बसणं..."

"मी त्यात एकदाबी बसले नाय, गमरेभाई."

इलियासनं मान खाली घातली. मला फार ओशाळल्यासारखं झालं. उबेदभाईंच्या शेजारी रोज कोणीतरी बसत होतं, हे मी त्यांच्या विधवेला तिच्याच घरात बसून सांगितलं होतं. सारवासारव करायला मी म्हणालो की उन्हानंसुद्धा चामडं जातं.

"खराच आकडा लिहा," पडद्यामागून आवाज आला. "दया करून जास्त नको न् भिडेखातर कमी नको. मला तेवढ्यावरच राहायचं हाय."

मी कोणतीही गाडी दोनदा पाहिल्याशिवाय कागद लिहीत नाही, एकदा सकाळी आणि एकदा भर दुपारी. तापली की गाडी वेगळं बोलते. म्हणून पुढच्या शुक्रवारी बाराच्या सुमारास परत गेलो. उन्हानं डोळे उघडवत नव्हते. रस्त्यावर माणूस नव्हतं. झाकणावर इलियासच्या बोटांचे गेल्या आठवड्याचे ठसे होते आणि त्यांच्यावर बारीक नवी धूळ. किल्ली आठवडाभर त्याच्या खिशात होती.

मी सवयीनं शिवण मोजली. चौदा सेंटिमीटर.

पुन्हा मोजली. वही पाहिली. माझंच अक्षर, माझीच पट्टी. ऑगस्टच्या उन्हात चामडं आकसतं, शिवण ताणते, हे मला माहीत आहे. पण ड्रायव्हरची सीट त्याच पत्र्याखाली, त्याच उन्हात होती आणि तिचा एक दोरा हलला नव्हता. चीड आली मला. हिशेब न जुळणारी वस्तू मला सहन होत नाही.

आता चालवून बघायचं राहिलं होतं. चालवून बघताना मी शेजारी कोणालातरी बसवतोच, म्हणजे दोन्ही बाजूंना वजन पडून स्प्रिंगा कळतात. शेजारचं दार मीच उघडतो आणि "बसा" म्हणतो. मालकाला बरं वाटतं, चौदा वर्षांची सवय आहे. मागं इलियासच्या सपाता फरफटल्याचा आवाज आला. मी दार उघडून धरलं, न बघताच म्हणालो, "बसा." क्षणभर थांबून दार लावलं, वळसा घालून स्टिअरिंगवर बसलो आणि छप्पर मागं टाकलं. शेजारच्या चामड्याचा करकर आवाज झाला, कोणी नीट टेकून बसल्यावर होतो तसा.

मी काटे बघत इंजिन चालू केलं. तेवढ्यात समोर बिल्डिंगच्या दारातून इलियास पाण्याची बाटली घेऊन बाहेर आला.

तो माझ्या बाजूला येऊन उभा राहिला. शेजारच्या सीटकडे त्यानं पाहिलं नाही.

"मी नाय येत. तू जा."

"मघाशी मागं कोण होतं?"

"मी वर होतो, पाणी आणायला." त्यानं बाटली माझ्या हातात दिली. "त्या गाडीत एकदाच बसलोय मी. उबेदभाई मला म्हणाले, जरा सरकून बस. आता तूच सांग, त्यात सरकायला जागा कुठं हाय?"

मी तिथंच किल्ली काढून परत द्यायला हवी होती. पण न चालवता लिहिलेला कागद खोटा, आणि आत एक बाई खऱ्या आकड्याची वाट बघत होती. मी गाडी बाहेर काढली.

मीना सलमानपर्यंत जाऊन यायचं ठरवलं. छप्पर उघडं, वारा भट्टीतून आल्यासारखा. स्टिअरिंग हाताला पोळत होतं. पहिल्या राउंडअबाउटला गाडी उजवीकडे झुकली, दोन माणसं असताना झुकते तेवढी. मी मनात नोंद केली, उजवी स्प्रिंग थकलेली. दुसऱ्या राउंडअबाउटला तीच नोंद पुन्हा केली. उजव्या दंडाला मात्र ऊन लागत नव्हतं.

मी सरळ समोर बघत चालवत होतो.

गोदामांच्या रांगेशी आल्यावर माझ्या लक्षात आलं की मी बोलतोय. कधीपासून, सांगता येत नाही. क्लच कसा आहे ते सांगता सांगता मी घरावर गेलो होतो. मैत्रीला, माझ्या बायकोला, फॅमिली व्हिसा मिळाला नाही, पोरगी श्रावस्ती बारावीला गेली आणि मी तिची तीनच वर्षं पाहिली, हे मी बोलत होतो. गावच्या बोलीत. चौदा वर्षांत हे मी कोणापाशी बोललो नव्हतो, मैत्रीपाशीसुद्धा नाही.

आणि मला बरं वाटत होतं. खोटं कशाला लिहू, फार बरं वाटत होतं.

सिग्नलला मी थांबलो. बोलणंही थांबवलं.

उत्तराची वाट बघत होतो.

सिग्नल हिरवा झाला. मागच्या टॅक्सीवाल्यानं हॉर्न दिला. मी निघालो आणि शेडमध्ये येईपर्यंत ओठ दातांखाली धरून ठेवले. इंजिन बंद करून मी पहिल्यांदा उजवीकडे पाहिलं.

सीट रिकामी होती. तिचा पट्टा लावलेला होता.

वर पंखा चालू होता, पडदा हलत होता. झोहराभाभींनी विचारलं, "एकटेच गेला होतात?"

"हो," मी म्हणालो. "एकटाच."

मग त्या म्हणाल्या, "तेबी असंच सांगायचे."

मी दोन हजारांचा आकडा लिहिला, सीटचे दोनशे वजा करून. जे पाहिलं आणि मोजलं तेच लिहिलं. सही केली तो आकडा खरा होता. ताहिरनं तेवढेच दिले, गाडी नेली. सप्टेंबरात इद्दत संपली आणि झोहराभाभी गेल्या. विमानतळावर मी त्यांचा चेहरा पहिल्यांदा नीट पाहिला. त्या एवढंच म्हणाल्या, "गमरेभाई, आता वहिनींना बोलवून घ्या इकडं."

ऑक्टोबरच्या मध्यावर ताहिरचा फोन आला.

"गमरेसाहेब, रागावू नका. तुमचा आकडा चुकला."

मला वाटलं इंजिनात काही निघालं. मी लगोलग त्याच्या बेकरीवर गेलो. निळी गाडी सावलीत उभी होती. ताहिरनं शेजारचं दार उघडून धरलं.

चामडं कोरं होतं. शिवण कडेपासून कडेपर्यंत सलग, दोरा कारखान्यातला. गालिच्यात एक खळगा नाही. सीट बदललेली नव्हती. खालचे स्क्रू गंजून बसलेले मी स्वतः पाहिले.

"तुमी दोनशे कापले ते कशाचे?" ताहिर मवाळपणे म्हणाला. "विधवेचं हाय, मला पचायचं नाय. मी इलियासकडे देऊन टाकले. तिला पोचतील, इंशाल्ला."

मी त्याचे आभार मानले. ती गाडी आता तरी बावीसशेचीच होती. झोहराभाभींना त्यांचा खरा पैसा मिळाला, याचा मला मनापासून आनंद झाला. चौदा वर्षांत पहिल्यांदा आकडा चुकला, याचं वाईट त्याहून कमी वाटलं.

परत येऊन मी माझ्या जुन्या सेडानच्या दाराशी उभा राहिलो. सहा वर्षं ही गाडी मी एकटा वापरतोय. शेजारच्या सीटवर माझी तपासणीची फाईल असते, दुसरं कोणी नाही.

फाईल मागच्या सीटवर होती, नीट सरळ ठेवलेली.

मी पलीकडे गेलो, दार उघडलं आणि खिशातून पट्टी काढली. शिवण चार सेंटिमीटर उसवली होती. खाली मॅटवर टाचांचे दोन खळगे होते, एकमेकांना चिकटून.

त्या शुक्रवारी वंदनेला मी गेलो नाही. पुढच्याही नाही. संध्याकाळी समुद्राच्या बाजूनं तासभर फिरून येतो आणि मग मैत्रीला फोन लावतो. परवा ती म्हणाली, "आवाज बरा वाटतोय तुमचा. हल्ली फिरायला जाता म्हणे. कोण असतं बरोबर?"

"कोणी नाही," मी म्हणालो. "एकटाच असतो."

फोन ठेवला आणि गाडीकडे गेलो. आधी शेजारचं दार उघडलं.